पिळाची कोलांटी : धाडस, क्रम आणि गादीचा प्रश्न

आहुपे हे सह्याद्रीच्या ऐन धारेवरचे गाव. घोड नदीचा उगम या परिसरातला, आणि पुणे जिल्ह्याची भूमी एकाएकी संपते तीही येथेच. कड्याखाली मुरबाड तालुक्याचा सखल मुलूख पसरलेला दिसतो आणि गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके नजरेत भरतात. येथील आणि डोण-तिरपाडकडच्या वाड्यांतील महादेव कोळी समाजाची मुले चालायला शिकतात तीच चढणीवर. हिरड्याच्या हंगामात ती झाडाच्या शेंड्यापर्यंत पोचतात, पावसाळ्यात निसरड्या बांधावरून डोक्यावर ओझे घेऊन तोल न जाऊ देता चालतात. मनगटात आणि खांद्यात ताकद, पायांत तोल, उंचीविषयी मनात धास्ती नाही. शहरातील जिम्नॅस्टिक्सच्या शिक्षकाला वर्षभर खपून जे घडवावे लागते, त्यातील बराचसा भाग ही मुले घरूनच घेऊन येतात.

अशा मुलांच्या हाती मोबाइल आला, तेव्हा त्यांचे डोळे ज्या गोष्टींवर खिळले त्यांत 'ट्रिकिंग' नावाचा प्रकार अग्रभागी आहे. तायक्वांदो-कराटेच्या उडत्या लाथा, जिम्नॅस्टिक्सच्या कोलांट्या आणि ब्राझीलच्या कापोइरातील झोकदार हालचाली यांच्या मिश्रणातून हा प्रकार घडला. त्यातील 'कॉर्क' ही उडी मुलांना विशेष भुरळ घालते. बाटलीचे बूच उपसणाऱ्या मळसूत्री खिळ्यावरून तिला हे नाव पडले. एक पाय जोराने वर झोकायचा, दुसऱ्या पायाने जमीन रेटायची, मागे झुकत हवेत तिरके व्हायचे, त्याच वेळी अंगाला एक पूर्ण पीळ द्यायचा आणि पुन्हा पायांवर उतरायचे. पडद्यावर हे दीड-दोन सेकंदांत आटोपते. ते शिकण्यास किती काळ गेला, उडीखाली काय अंथरले होते, बाजूला कोण उभे होते, हे पडद्यावर येत नाही. मग काढणी झालेल्या खाचरात, कातळाच्या सड्यावर, क्वचित कड्याच्या जवळदेखील या उडीची नक्कल सुरू होते.

शाळेच्या स्मरणिकेत अशा उडीवर लेख कशाला, असे कोणी विचारील. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत, व्यायामाचे नव्हे, हेही कोणी लक्षात आणून देईल. परंतु 'हे करू नका' असे फळ्यावर लिहून हा प्रश्न सुटत नाही, हे वसतिगृह सांभाळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मनाई केली की मूल अंगणातली उडी सड्यावर नेते, एवढाच फरक पडतो. म्हणून ही उडी म्हणजे काय, ती धोक्याची का, आणि ती शिकण्याची सुरक्षित वाट कोणती, हे विद्यार्थ्यांपुढे आणि पालकांपुढे नीट मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रथम हवेत काय घडते ते पाहू. कमरेतून एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडे एक गज आरपार गेला आहे अशी कल्पना करावी. शरीर त्या गजाभोवती फिरले की ती कोलांटी. डोक्यापासून टाचेपर्यंत दुसरा गज कल्पावा. त्याभोवती शरीर भोवऱ्यासारखे फिरले की ती गिरकी. पिळाच्या कोलांटीत ही दोन्ही भ्रमणे एकाच वेळी चालतात. पाय जमिनीवरून सुटला की शरीराच्या गुरुत्वमध्याचा मार्ग कायम होतो. फेकलेल्या दगडाप्रमाणे तो आता बदलता येत नाही. एकूण फिरण्याचा साठाही, ज्याला विज्ञानाच्या पुस्तकात कोनीय संवेग म्हणतात, जमिनीवरून नेला तेवढाच राहतो. उरते ते एवढेच, की त्या साठ्याचा वापर कसा करायचा. अंग आखडले की फिरण्याचा वेग वाढतो, हातपाय पसरले की तो मंदावतो. फिरत्या स्टुलावर बसून दोन्ही हातांत जाड पुस्तके धरावीत आणि हात पसरून-आवळून पाहावेत. आठवीच्या मुलालाही हे तत्त्व तत्काळ उमगते.

गिरकी दोन प्रकारे मिळते. एक, पाय सुटण्याच्या क्षणी जमिनीला रेटत खांदे वळवून. दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. कोलांटी चालू असताना एक हात झपकन खाली आणि दुसरा वर नेला, तर शरीराला किंचित तिरका झुकाव मिळतो, आणि कोलांटीच्या भ्रमणातील काही अंश गिरकीत उतरतो. कसलेले खेळाडू या दोन्हींचा मेळ घालतात आणि उतरण्यापूर्वी हात उघडून गिरकी थांबवतात.

नवशिक्या मुलाला गिरकीची घाई असते. पाय जमिनीवर असतानाच तो मान आणि खांदा वळवतो. परिणामी उंची मिळत नाही, शरीर आडवे कलते, आणि गिरकी पुरी होण्याआधीच जमीन येते. पाऊल जमिनीने धरून ठेवलेले असते, वर मांडी आणि धड अद्याप फिरत असते. मध्ये असलेल्या गुडघ्याला सगळा पीळ सोसावा लागतो. गुडघ्याच्या आतील अस्थिबंध तुटण्याची ही ठरलेली रीत होय. मूल पाठीवर पडू लागले तर ते आपसूक हात मागे टेकवते, आणि ताठ कोपरावर सगळा भार येऊन मनगट किंवा कोपर मोडते. उंची त्याहूनही कमी पडली, कोलांटी अर्ध्यावर राहिली, तर डोके प्रथम जमिनीला लागते. मोडलेला हात सांधतो. मानेतील मज्जारज्जूला इजा झाली तर ती बहुधा जन्माची असते.

म्हणूनच जगभरातील जाणते शिक्षक ही उडी शेंड्यापासून शिकवत नाहीत. सर्वांत आधी ते पडायला शिकवतात. हनुवटी छातीकडे, पाठ गोल, हात मागे न टेकता पुढे घेतलेले, आणि पडण्याचा जोर लोळण्यात जिरवायचा. पुढची लोळण, मागची लोळण, खांद्यावरची तिरकी लोळण यांत कसलीही शान नाही, त्यामुळे मुले त्यांना कंटाळतात. आमच्या मते ज्या मुलाला हा कंटाळा सोसवत नाही त्याला पुढची पायरी दाखवूच नये.

त्यानंतर शरीर ताठ धरण्याची ताकद येते. हातांवर उभे राहणे, पोट आत ओढून पाठीवर नावेसारखे पडून राहणे, दोरीच्या उड्या, उकिडव्या बैठका. हिरड्याच्या झाडावर चढणाऱ्या हातांना यातले बरेच सोपे जाते. पोटाची आणि घोट्याची ताकद मात्र वेगळी कमवावी लागते. मग उतरणे. हातभर उंचीच्या ओट्यावरून खाली उडी घेऊन दोन्ही पायांवर, पावलांत कमरेएवढे अंतर ठेवून, गुडघे वाकवून, छाती वर ठेवून थांबायचे; एक पाऊलही पुढे जाता कामा नये, आणि गुडघे आत एकमेकांकडे झुकता कामा नयेत. हे साध्य झाले की त्याच जागी सरळ उभी उडी मारून अर्धे वळण, पुढे पूर्ण वळण, आणि दर वेळी तसेच निश्चल उतरणे. पीळ शिकण्याचा खरा आरंभ येथे होतो, आणि तो जमिनीपासून वीतभर उंचीवर होतो.

येथे एका गोष्टीकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. प्रत्येक मुलाची गिरकीची एक नैसर्गिक बाजू असते. कोणी डावीकडे सहज वळतो, कोणी उजवीकडे. लिहिण्याच्या हातावरून ती ओळखता येईलच असे नाही. उभ्या उडीतील पूर्ण वळण दोन्ही बाजूंनी पुनःपुन्हा करवून पाहिले म्हणजे ती कळते. एकदा कळली की पुढील सर्व उड्या त्याच बाजूने शिकवाव्यात. एक उडी डाव्या पिळाची आणि दुसरी उजव्या पिळाची शिकलेला मुलगा हवेत ऐन वेळी गोंधळतो, आणि हवेत विचार करण्यास अवसर नसतो.

मग हातांवरून चक्र, म्हणजे ज्याला मुले कार्टव्हील म्हणतात ते. त्यातूनच दोन्ही पाय एकत्र आणून उतरण्याचा राउंड-ऑफ. त्यानंतर कुठे मागची कोलांटी येते, आणि ती जाड मऊ गादीवर, शिक्षकाचा एक हात कमरेमागे आणि दुसरा मांडीखाली असताना. पाय आखडून मारलेली कोलांटी साधली की अंग ताठ ठेवून मारलेली, तीही गिरकीविना. पिळाशिवायची उडी न चुकता, थकल्यावरसुद्धा, उंच आणि सरळ येत नाही तोवर तिच्यात पीळ घालायचा नाही. पुढे अर्धी गिरकी, आणि अर्धी स्थिरावल्यावरच पूर्ण. कॉर्क तर एका पायावरून घ्यावयाची उडी. म्हणून एक पाय झोकून मागे जाणारी गिरकीविना कोलांटी तिच्याआधी यावी लागते. हा सारा प्रवास किती दिवसांचा, असे मुले विचारतात. नियमित सरावाने काहींना काही महिने लागतात, अनेकांना वर्षाहून अधिक. मागची कोलांटी आजच जमली म्हणून उद्या पीळ घालावा, असे म्हणणारा मित्र हा मित्र नव्हे.

चांगल्या जिम्नॅस्टिक्स केंद्रात या वाटेवर आधाराची साधने असतात. जमिनीखाली स्प्रिंगा किंवा फोम असलेली लवचीक भूमी, हातभर जाडीच्या उतरण्याच्या गाद्या, फोमच्या ठोकळ्यांनी भरलेला खड्डा, आणि छताला दोऱ्यांनी टांगलेला कमरपट्टा. या पट्ट्याला दुहेरी कडे असते, त्यामुळे मुलाला दोरी न गुंडाळता कोलांटी आणि गिरकी दोन्ही घेता येतात, आणि चुकले तर शिक्षक दोरी ओढून त्याला हवेतच तोलून धरतो. फोमचा खड्डा मुलांना खेळाचा हौद वाटतो. वस्तुतः त्यालाही नियम आहेत. एका वेळी एकच मूल, आधीचे बाहेर आल्यावरच दुसरे, ठोकळे वरचेवर उकरून मोकळे केलेले, आणि डोके खाली करून सूर मारणे पूर्ण वर्ज्य. मऊ वस्तूवरही मान मोडू शकते, कारण डोके रुतते आणि धड मागून येते.

हे सगळे वाचून कोणास वाटेल की आम्ही उगाच भीती घालतो. म्हणून खेळाच्या इतिहासातील एक प्रकरण सांगणे भाग आहे. येलेना मुखिना ही सोव्हिएत संघाची जिम्नॅस्ट 1978 साली स्ट्रासबूर्ग येथे सर्वांगीण जागतिक विजेती ठरली. पुढे तिच्या कार्यक्रमात 'थॉमस सॅल्टो' नावाची उडी घालण्यात आली. मागच्या दिशेने दीड-पावणेदोन कोलांट्या, त्यांत दीड गिरकी, आणि शेवटी पायांवर न उतरता थेट पुढच्या लोळणीत शिरायचे. म्हणजे उंची जराशी उणी पडली की हनुवटी किंवा मान जमिनीवर. 1979 मध्ये तिचा पाय मोडला होता आणि तो पुरता बरा होण्यापूर्वीच सराव पुन्हा सुरू करण्यात आला. ही उडी आपला घात करील असे तिने प्रशिक्षकास सांगितले होते. ते मनावर घेतले गेले नाही. मॉस्को ऑलिंपिकला दोन-अडीच आठवडे उरले असताना, 3 जुलै 1980 रोजी मिन्स्क येथे सरावात ती हनुवटीवर पडली. मानेचे मणके मोडले आणि वयाच्या विसाव्या वर्षी तिचे सर्व अंग लुळे पडले. 2006 साली ती वारली. या प्रकारच्या उड्या पुढे स्पर्धांतून काढून टाकण्यात आल्या.

मुखिनाजवळ गादी होती, व्यायामशाळा होती, जगातील नावाजलेले प्रशिक्षक होते. नव्हता तो 'नाही' म्हणण्याचा अधिकार. सुरक्षिततेच्या साधनांत आम्ही या अधिकाराची गणना करतो, आणि त्याचे मोल फोमच्या खड्ड्याहून कमी लेखत नाही.

याच्या उलट उदाहरण अलीकडचे आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, 27 जुलै 2021 रोजी, अमेरिकेची सिमोन बाइल्स सांघिक अंतिम फेरीत अडीच गिरक्यांची उडी घेण्यासाठी धावली आणि हवेत तिला दीडच गिरकी घेता आली. आपण हवेत नेमके कोठे आहोत ही जाणीवच हरपली होती. जिम्नॅस्ट या अवस्थेला 'ट्विस्टीज' म्हणतात. आपल्या अंतर्कर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका, डोळे आणि स्नायू हे तिघे मिळून शरीराची दिशा सांगतात. पिळाच्या उडीत या तिघांचा मेळ अत्यंत वेगाने बसवावा लागतो, आणि ताणाखाली तो अकस्मात तुटू शकतो. बाइल्सने उर्वरित सांघिक स्पर्धेतून माघार घेतली. त्या वेळी तिच्यावर भित्रेपणाचा आरोप करणारे पुष्कळ निघाले. काही दिवसांनी ती तुळईच्या स्पर्धेत उतरली, शेवटच्या उडीतील पीळ काढून टाकून, आणि कांस्यपदक घेऊन आली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तिने पुन्हा सर्वांगीण सुवर्णपदक मिळवले. 'आज माझी गिरकी हरवली आहे' असे सांगणाऱ्या मुलाला आपल्याकडे काय ऐकावे लागेल, याचा विचार प्रत्येक शिक्षकाने करावा. असे सांगितल्यास त्या दिवशी पिळाचा सराव बंद ठेवून मागच्या पायरीवर जायचे, एवढाच त्याला उपाय आहे.

आता आमच्या विषयाकडे, म्हणजे इतिहासाकडे वळतो. कारण या उडीचा आपल्या समाजाशी जुना संबंध आहे. 'कोलांटी' हा शब्द 'कोल्हाटी' या नावाशी नाते सांगतो. कोल्हांटउडी असे त्याचे जुने रूप आजही कानी पडते. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत असलेल्या कोल्हाटी-डोंबारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या गावोगावच्या चौकांत ढोलकीच्या तालावर दोरीवरून चालणे, वेळूवर चढून तोल सांभाळणे आणि हवेत कोलांट्या घेणे हे पोटासाठी केले. खाली होती ती चौकाची कठीण जमीन. पुढारी पक्ष बदलतो तेव्हा वर्तमानपत्रे 'कोलांटउडी' असा मथळा छापतात. ज्यांनी ती उडी उपाशी पोटी, कडेवरच्या मुलासह गावोगाव नेली, त्यांची आठवण त्या मथळ्यात नसते.

याच मुलुखात मल्लखांबाची परंपराही वाढली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तिला नवे रूप दिले असे सांगितले जाते. या परंपरेत शिकण्याचा क्रम अत्यंत काटेकोर आहे. आधी पायांच्या मिठीची अढी पक्की होते, मग तेढी, बगली, फिरकी, दसरंग असे प्रकार येतात. लाकडाला एरंडेल चोळले जाते, हाताला राळेची भुकटी लावली जाते, उस्ताद शेजारी उभा असतो. चौकातील वेळू आणि आखाड्यातील खांब यांवर अंगमेहनतीचे मोल सारखेच होते. एकीला विद्या म्हटले गेले आणि दुसरीला नुसता खेळ; एकीच्या वाट्याला उकरलेली मऊ माती, तेल, उस्ताद आणि मानाचा फेटा आला, दुसरीच्या वाट्याला पसरलेली झोळी. गावच्या तालमीचा उंबरठा कोणाला ओलांडता येत असे आणि कोणाला नाही, हे आपल्या आजोबांच्या पिढीला विचारावे लागत नसे.

हा इतिहास बदलत आहे, हेही नोंदवले पाहिजे. मुंबईत दादरच्या शिवाजी पार्कवर 1925 साली स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांनी मल्लखांब मुलींपर्यंत, दिव्यांग, अनाथ आणि आदिवासी मुलांपर्यंत नेला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 2019 मध्ये शिवाजी पार्कवरच मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा भरली. आगरताळ्यासारख्या, जिम्नॅस्टिक्सच्या जागतिक नकाशावर कोठेही नसलेल्या शहरातून आलेली दीपा कर्माकर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये व्हॉल्टच्या अंतिम फेरीत 15.066 गुणांसह चौथी आली. तिची प्रोदुनोव्हा उडी, म्हणजे पुढच्या दिशेने दुहेरी कोलांटी, पिळाची नव्हे. तरीही ती जगात अत्यंत धोक्याची गणली जाते. या उडीसाठी दीपाला नुसत्या धाडसाबद्दल शाबासकी देण्यात आली, हे आम्हांस खटकते. तिच्या बाजूला बिश्वेश्वर नंदी यांच्यासारखा प्रशिक्षक वर्षानुवर्षे उभा होता, ही गोष्ट त्या शाबासकीत झाकली गेली.

डोंबाऱ्याचा आणि सुरक्षिततेचा विचार एकत्र केलेला सर्वांत जुना प्रसंग आम्हांस भेटतो तो पाली साहित्यात. संयुत्त निकायातील सेदक सुत्तात भगवान बुद्ध एका वेळूवरच्या कसरतपटूची आणि त्याच्या शिष्याची कथा भिक्खूंना सांगतात. तेथे या कसरतपटूला 'चंडालवंसिक' म्हटले आहे. जात आणि वेळू, दोन्ही त्या एका शब्दात आहेत. शिष्याचे नाव मेदकथालिका. गुरू वेळू उभा करून शिष्याला खांद्यांवर उभे राहण्यास सांगतो आणि म्हणतो की तू माझा सांभाळ कर, मी तुझा करतो. म्हणजे आपण कसब दाखवून, कमाई करून सुखरूप खाली उतरू. शिष्य नम्रपणे त्याला दुरुस्त करतो. त्याचे म्हणणे असे, की आपण आपापला तोल आधी सांभाळावा, तसे केले तरच दोघे सुखरूप उतरतील. बुद्ध शिष्याचे म्हणणे योग्य ठरवतात, आणि पुढे जोड देतात की स्वतःला जपणारा दुसऱ्याला जपतो व दुसऱ्याला जपणारा स्वतःला जपतो. स्मृतीची, म्हणजे सावध जागेपणाची साधना समजावताना त्यांनी उदाहरण घेतले ते राजाचे किंवा पंडिताचे नव्हे. समाजाने सर्वांत खाली ढकललेल्या कष्टकऱ्याच्या धंद्यातील शहाणपणाचे. त्या धंद्यात शिष्य गुरूला दुरुस्त करू शकत होता, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. मुखिनाच्या प्रशिक्षकाकडे ही एक गोष्ट असती तर!

आता आपल्या परिसराविषयी. घोडेगाव, मंचर, जुन्नर, नारायणगाव अशा ठिकाणी 'जिम' म्हणून जे चालते ते बहुतेक वजने उचलण्याचे आणि यंत्रांवरील व्यायामाचे दालन असते. फरशी, तिच्यावर पातळ रबरी पट्टा, भोवती लोखंडी यंत्रे आणि आरसे. अशा जागी ताकद कमवावी, कोलांटी मारू नये. पिळाच्या उड्या शिकायच्या असतील तर जिम्नॅस्टिक्सचेच केंद्र शोधावे लागेल, आणि आज तरी त्यासाठी पुणे-पिंपरीकडे पाहावे लागते. पालकांनी केंद्र पाहताना भिंतीवरची पदके मोजू नयेत. नव्या मुलाला पहिल्या महिन्यात काय शिकवता, हे विचारावे. पहिल्याच आठवड्यात कोलांटीचे आश्वासन मिळाले तर तेथून परतावे. गाद्यांमध्ये फटी आहेत काय, एका शिक्षकाकडे किती मुले आहेत, दुखत असल्याचे सांगणाऱ्या मुलाला शिक्षक काय म्हणतो, हे अर्धा तास बसून पाहिले तरी पुष्कळ कळते. मुलामुलींना आधार देताना हात कोठे धरायचा हे शिक्षक आधी सांगतो की नाही, हेही पाहावे. मुलींच्या पालकांना हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटता कामा नये.

आणि शाळेत? येथे आम्ही आपले मत स्पष्ट मांडतो. हवेतील कोलांटी, मग ती पिळाची असो वा बिनपिळाची, प्रशिक्षित शिक्षक आणि योग्य गादी यांशिवाय शाळेच्या आवारात होऊ नये. भाताच्या पेंढ्याचा ढीग किंवा खाचरातील भुसभुशीत माती ही गादीची जागा घेऊ शकत नाही. पेंढा वरून मऊ दिसतो, पण अंगाच्या भाराने फाकतो आणि खालची कठीण जमीन लागते. मातीत पाऊल रुतते, आणि रुतलेल्या पावलावर फिरणारे अंग म्हणजे पुन्हा तोच गुडघा. पावसाळ्यात शेवाळलेल्या सड्याविषयी तर बोलावयासच नको. परंतु पडण्याच्या लोळणी, हातांवर उभे राहणे, ओट्यावरून निश्चल उतरणे, उभ्या उडीतील वळणे, हे सर्व सतरंजीवर किंवा साध्या मॅटवर, शिक्षकाच्या देखरेखीखाली, याच वर्षी सुरू करता येईल. वर सांगितलेल्या वाटेचा निम्म्याहून अधिक भाग यात येतो, आणि त्यासाठी फोमचा खड्डा लागत नाही. पुढील टप्प्यासाठी मॅट हव्यात. क्रीडासाहित्याच्या मागणीत दरवर्षी चेंडू, बॅट आणि जाळी लिहिली जाते. त्याच कागदावर उतरण्याच्या दोन जाड गाद्या लिहिण्यास संस्थेने आणि माजी विद्यार्थ्यांनी मनावर घ्यावे. आपल्या मुलांच्या धाडसाचे कौतुक सभांमधून पुष्कळ होते. ते धाडस त्यांनी कशावर पडून शिकावे, हा खर्चाचा प्रश्न आहे आणि तो मोठ्यांनीच सोडवायचा आहे.

अपघात झालाच तर काय करावे, हे वसतिगृहातील प्रत्येक मोठ्या मुलाला पाठ असावे. डोक्यावर किंवा मानेवर पडलेल्या मुलाला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, हातपाय धरून उचलून तर मुळीच नेऊ नये. तो आहे त्या स्थितीत राहू द्यावा. एकाने गुडघ्यांवर बसून त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे आणि त्याच्याशी शांतपणे बोलत राहावे, दुसऱ्याने 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हातापायांना मुंग्या येतात काय, बोटे हलतात काय, एवढेच विचारावे. हलवून पाहण्याचा आग्रह धरू नये. श्वास थांबला तरच त्याला सरळ पाठीवर घेण्याची घाई करावी, आणि तेव्हाही डोके, मान व धड एका रेषेत ठेवून, चार-पाच जणांनी मिळून. आहुप्याच्या वळणावळणाच्या रस्त्याने घोडेगाव गाठण्यास वेळ लागतो, आणि जीपच्या मागच्या फळीवर आडवा टाकून नेलेल्या मुलाची मान प्रत्येक खड्ड्यात हलते. मोबाइलची रेंज आवारात कोठे मिळते ती जागा, 108 हा क्रमांक आणि जवळच्या आरोग्य केंद्राचा दूरध्वनी या तीन गोष्टी व्यायामाच्या जागेजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्याव्यात. त्यासाठी गाद्या येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.